साठ तासांचं इंग्रजी

वार्षिक परीक्षा संपल्या की जबलपूरमध्ये राइट टाउन, नेपियर टाउन, गोरखपूर, सदर अशा वस्त्यांत उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. चित्रकला, पोहणं, बुद्धिबळ, नाच, आणि त्यांच्या जोडीला हमखास स्पोकन इंग्लिश. काही शिबिरांत एक कडक नियमही असतो: फाटकातून आत आल्यापासून घरी जाईपर्यंत मुलांनी फक्त इंग्रजीच बोलायचं. खेळताना इंग्रजी, डबा खाताना इंग्रजी, भांडतानाही इंग्रजी. भाषा विषय म्हणून शिकवायची नाही, तर मुलाला त्या भाषेतच ठेवायचं, या पद्धतीला शिक्षणशास्त्रात ‘इमर्शन’ म्हणतात. असं एखादं शिबिर वीस दिवसांचं आणि रोज तीन तासांचं धरलं, तर मुलाच्या वाट्याला साठ तास येतात.

आईबाबांच्या मनात प्रश्न सरळ असतो. फी भरायची का? साठ तासांत मूल इंग्रजी बोलायला लागेल का? नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून या प्रश्नाची बोळवण करणं मला योग्य वाटत नाही, कारण या साठ तासांत खरोखर काहीतरी घडतं. पण फलकावर लिहिलेलं असतं ते नव्हे.

जबलपूरच्या मराठी घरांकडे बघितलं, तर हा विषय समजायला फार दूर जावं लागत नाही. हे शहर काही काळ नागपूरकर भोसल्यांकडे होतं. १८१७ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८७० मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग इथे कलकत्त्याकडून आलेल्या मार्गाला मिळाला. विसाव्या शतकात तोफगाड्यांचा कारखाना आला, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला, १९५६ मध्ये मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय आलं. या प्रत्येक लाटेबरोबर मराठी कुटुंबं आली आणि इथलीच झाली. त्यांची मुलं घरात मराठी बोलतात आणि उंबरठ्याबाहेर हिंदी. ही हिंदी त्यांना कुणी शिकवलेली नसते. गल्लीत क्रिकेट खेळताना आउट कोण झालं यावर वाद घालायचा तर हिंदी हवीच. म्हणून ती येते. सहा-सात वर्षांचं मूल अस्सल जबलपुरी हिंदी बोलतं, आणि तिचा रंग त्याच्या मराठीवरही चढतो. ‘मी जेवून राहिलो’ हे तिथल्या घरात कुणाच्या कानाला खटकत नाही.

ही हिंदी किती खोल जाऊ शकते, हे सांगायला एक उदाहरण पुरे. गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरात जन्मले, आणि आधुनिक हिंदी कवितेतलं एक सर्वांत मोठं नाव झाले. १९४०च्या दशकात ते काही काळ जबलपूरच्या हितकारिणी शाळेत शिक्षक होते. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले आणि मराठीतले महत्त्वाचे कवी व समीक्षक ठरले. एकाच घरातले दोन भाऊ दोन भाषांत शिखरावर पोचले. घरची भाषा आणि बाहेरची भाषा एकमेकींचा घास न घेता वाढू शकतात, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

मग गल्लीतल्या हिंदीत असं काय असतं, जे शिबिरातल्या इंग्रजीत नसतं? पहिली गोष्ट वेळ. मूल रोज तीन तास गल्लीत काढत असेल, तर वर्षाला हजार तास होतात, आणि शाळा-दुकान-टीव्हीचे तास वेगळे. केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षांचा ढोबळ अंदाज असा आहे, की पहिल्या पायरीपासून सुरुवात करणाऱ्याला रोजच्या साध्या गरजांपुरतं इंग्रजी यायला मार्गदर्शनाखालचे १८० ते २०० तास लागतात, आणि ओळखीच्या विषयांवर स्वतःच्या बळावर बोलता यायला ३५० ते ४००. या हिशेबात साठ तास कुठे बसतात ते उघड आहे.

दुसरी गोष्ट गरज. गल्लीतल्या मित्राला मराठी येत नाही, म्हणून हिंदी बोलावी लागते. शिबिरातल्या प्रत्येकाला हिंदी येते, शिकवणाऱ्या ताईंनाही. तिथलं इंग्रजी सगळ्यांनी मिळून ठरवलेला खेळ असतो. पाठीमागून कुणी ढकललं की मूल हिंदीतच ओरडतं, आणि ते स्वाभाविकच आहे.

तिसरी गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. नवी भाषा कानावर पडू लागली की लहान मुलं बरेचदा काही आठवडे, कधी काही महिने, गप्प राहतात. ऐकत असतात, समजून घेत असतात, पण बोलत नाहीत. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी या मौनकाळाकडे शिक्षकांचं लक्ष वेधलं. गल्ली या मौनाला मुभा देते. मूल कडेला उभं राहून खेळ बघतं आणि एक दिवस आपणहून आत शिरतं. वीस दिवसांच्या शिबिराला इतका धीर नसतो. समारोपाला आईबाबा येणार, मुलाने माइकवर चार वाक्यं म्हणायची, म्हणून ती पाठ करून घेतली जातात. पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर हा मौनकाळच शिबिरापेक्षा मोठा असू शकतो. त्याने पाठ म्हटलेल्या वाक्यांवरून काहीच कळत नाही.

थोड्या काळाच्या इमर्शनचा सर्वांत कसून अभ्यास झाला तो कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात. त्या अभ्यासावर थोडं थांबलं पाहिजे, कारण तिथली परिस्थिती आपल्याशी जुळते. क्वेबेकमध्ये फ्रेंच बोलणाऱ्यांचं बहुमत. त्यांच्या काही शाळांनी १९७०च्या दशकात पाचवी-सहावीच्या मुलांसाठी पाच महिन्यांचा इंग्रजीचा सघन वर्ग सुरू केला. त्या पाच महिन्यांत शाळेचा बहुतेक वेळ, म्हणजे आठवड्याचे अठरा-वीस तास, इंग्रजीत जायचे. गणित आणि बाकीचे विषय उरलेल्या अर्ध्या वर्षात. वर्गातल्या सगळ्या मुलांची घरची भाषा एकच, फ्रेंच. म्हणजे जबलपूरच्या शिबिरासारखीच अडचण: इंग्रजीवाचून कुणाचं अडत नाही. तरीही प्रयोग चालला. पॅट्सी लाइटबाऊन आणि नीना स्पाडा या संशोधिकांनी अनेक वर्षं हे वर्ग पाहिले. मुलं बिनधास्त बोलू लागली. अनोळखी माणसाशी इंग्रजीत गप्पा मारायला ती बिचकेनाशी झाली.

पण बोलण्यात चुका राहिल्या, आणि त्या साऱ्यांच्या सारख्याच होत्या. सगळ्यांची मातृभाषा एक असल्यामुळे एकाची चूक दुसऱ्याला चूक वाटत नव्हती. ऐकून ऐकून ती पक्की होत होती. आपल्याकडे ‘मायसेल्फ राहुल’ हे असंच पक्कं झालेलं आहे.

मग चुका सुधारायला शिकवून पाहिलं, आणि त्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. फ्रेंच मुलं ‘शी ड्रिंक्स ऑफन कॉफी’ असं म्हणत, कारण फ्रेंचमध्ये क्रियाविशेषण क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये येतं. भाषाशास्त्रज्ञ लिडिया व्हाइट यांच्या अभ्यासात मुलांना काही दिवस खास हेच शिकवलं. मुलं शिकली, चाचणीत उत्तम गुण पडले. वर्षभराने पुन्हा तपासलं तेव्हा ते शिकणं पुसून गेलं होतं. प्रश्न कसे विचारायचे, हेही अशाच पद्धतीने शिकवलं होतं. ते मात्र टिकलं, उलट पुढे वाढलं. फरक कशामुळे पडला? वर्गात प्रश्न दिवसभर विचारले जातात, ऐकले जातात. ‘ऑफन’ असलेलं वाक्य क्वचित कानावर येतं. शिबिरातून घरी आलेल्या मुलाच्या बाबतीत मला हा सर्वांत मोलाचा धडा वाटतो. पुढे जे वापरात राहणार आहे तेच टिकतं. साठ तासांत काय शिकवलं याच्याइतकंच एकसष्टाव्या तासापासून काय कानावर पडतं, हे महत्त्वाचं.

क्वेबेकने आणखी एक प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. तेवढेच तास वर्षभर थोडेथोडे वाटावेत, की एकत्र द्यावेत? तुलना झाल्या तेव्हा एकत्र दिलेल्या तासांचं फळ सरस निघालं. निदान एकत्र देण्याने तोटा झाला नाही. आठवड्याला इंग्रजीच्या चार-पाच तासिका असलेल्या आपल्या शाळांनी याचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. पण लक्षात ठेवा, क्वेबेकच्या पाच महिन्यांचे तास साडेतीनशे-चारशेच्या घरात जातात. ‘अल्पकालीन’ म्हणतानाही त्यांचा अल्पकाळ आपल्या शिबिराच्या सहापट आहे.

वयाबद्दलही एक समज घट्ट रुजलेला आहे: जितकं लहान, तितकं लवकर. १९७८ मध्ये कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागल-होले या संशोधिकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषिक कुटुंबांतली लहान-मोठी माणसं डच कशी शिकतात, हे त्यांनी पाहिलं होतं. सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने शिकली ती बारा ते पंधरा वर्षांची मुलं. तीन ते पाच वर्षांची सर्वांत मागे होती. पुढे त्यांनी अंतर भरून काढायला सुरुवात केली. लहान मूल दीर्घ पल्ल्यात पुढे जातं, कारण त्याच्यापुढे वर्षं असतात. तीन आठवड्यांत त्याला त्या वर्षांचा काहीच फायदा मिळत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला वाचता येतं, नियम ताडता येतो, एका भाषेतली कल्पना दुसरीत नेता येते. म्हणून छोट्या शिबिराचं योग्य वय दहा ते चौदा आहे, आणि बालवाडीतल्या मुलांची या नावाने घेतलेली फी मला पटत नाही. त्यांनी मे महिन्यात मनसोक्त खेळावं.

मोठ्या वयात सुरुवात करूनही माणूस किती पुढे जातो, हे मराठी माणसाला सांगायला सयाजीराव गायकवाड आहेतच. १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा, अक्षरओळख नसलेला मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. इंग्रज अधिकारी एफ. ए. एच. इलियट यांच्या देखरेखीखाली त्याच्या शिक्षणाची व्यवस्था झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चारही भाषा रोजच्या वेळापत्रकात. १८८१ मध्ये राज्यकारभार हाती घेईपर्यंत हे चाललं. पुढे हाच माणूस देशोदेशी हिंडून इंग्रजीत भाषणं देत होता. बाराव्या वर्षी सुरुवात करून इतकं साधतं. पण त्यासाठी रोज, आणि सहा वर्षं.

जगात इतरत्र या छोट्या शिबिरांना खऱ्या परदेशाचा आभास द्यायचा प्रयत्न झाला. अमेरिकेत मिनेसोटामध्ये १९६१ पासून काँकॉर्डिया कॉलेजची भाषाग्रामं चालतात. मूल आत शिरताना नवं नाव घेतं, नव्या चलनात खरेदी करतं, त्या भाषेत गाणी म्हणत जेवतं. दक्षिण कोरियाने हीच कल्पना सरकारी पैशाने फार मोठी केली. २००४ मध्ये आन्सानला आणि २००६ मध्ये पाजूला इंग्रजी गावं उभी राहिली, त्यांत बँक, पोस्ट, विमानतळावरची तपासणी असे सगळे देखावे. मुलं एखाद्या आठवड्यासाठी येत आणि परत जात. इमारती भव्य होत्या, तोटाही मोठा झाला, आणि पाजूच्या गावाचा पुढे मूळ हेतूच बदलावा लागला. काँकॉर्डिया टिकलं, याचं एक कारण मला असं दिसतं की तिथे मुलं उन्हाळ्यामागून उन्हाळे परत येतात आणि त्यांना गावाविषयी ओढ असते.

देखाव्याला पैसा लागतो, खऱ्या गरजेला लागत नाही. भाषा शिक्षणात जुनी आणि सोपी युक्ती आहे: माहिती अर्धी अर्धी वाटून द्या. एका मुलाच्या हातात जबलपूरच्या नकाशाचा एक अर्धा भाग, दुसऱ्याच्या हातात दुसरा. ग्वारीघाटाहून भेडाघाटला धुआँधार बघायला जायचं आहे. वाटेतली ठिकाणं एकमेकांना न दाखवता, फक्त इंग्रजीत विचारून शोधा. आता प्रश्न विचारल्यावाचून दोघांचंही अडतं. खेळ खोटा असला तरी अडणं खरं असतं. याउलट माइकवर पाठ वाक्यं म्हणताना कुणाचंच कशावाचून अडत नाही.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते त्या मुद्द्याकडे येतो. काही शिबिरं आईबाबांना सांगतात: घरीही इंग्रजीच बोला, म्हणजे प्रगती लवकर दिसेल. जबलपूरच्या मराठी घरासाठी हा सल्ला घातक आहे.

इमर्शनचा आधुनिक इतिहास सुरू होतो तो माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या उपनगरात. १९६५ मध्ये तिथल्या इंग्रजी भाषिक पालकांनी स्वतः खटपट करून मुलांसाठी फ्रेंच बालवर्ग सुरू करून घेतला. मुलं फ्रेंच शिकली आणि त्यांच्या इंग्रजीला धक्का लागला नाही. मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट यांनी या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. पुढे त्यांनी एक भेद मांडला: काही मुलांच्या भाषांत भर पडते, काहींच्या बाबतीत नवी भाषा जुनीला हुसकून लावते. सेंट लँबर्टच्या मुलांचं इंग्रजी सुरक्षित होतं, कारण अख्ख्या उत्तर अमेरिकेची ती बलाढ्य भाषा होती. जबलपुरातल्या मराठीचं तसं नाही. तिथे शाळा, बाजार, कचेरी, शेजार सगळं हिंदी आहे आणि नोकरीचं स्वप्न इंग्रजी. मराठीला उरतं फक्त घर. तिथेही इंग्रजीला जागा करून द्यायची म्हटलं, तर हिंदी जागची हलत नाही. जाते ती मराठी. आजीशी होणारं बोलणं जातं, आणि त्या बदल्यात मुलाला मिळतं ते आईबाबांचं ऑफिसपुरतं, चार ठरीव वाक्यांत फिरणारं इंग्रजी.

त्याचा तोटा इंग्रजीलाही होतो. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९च्या सुमारास दाखवून दिलं, की गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडात बाहेरून आलेल्या मुलांना गप्पांचं इंग्रजी साधारण दोन वर्षांत आलं. पण पुस्तकातलं, तर्क मांडणारं इंग्रजी वर्गमित्रांच्या तोडीचं व्हायला पाच ते सात वर्षं लागली. ही दुसरी क्षमता एका भाषेत कमावली की दुसरीत उतरते. मराठीत गोष्ट नीट सांगता येणारं, कारण आणि परिणाम जोडता येणारं मूल इंग्रजीतही ते करू शकतं. त्याला फक्त शब्द हवे असतात. जबलपूरच्या मुलांना तर आणखी एक सोय आहे. हिंदीमुळे देवनागरी त्यांना येतेच, त्यामुळे मराठी पुस्तक हातात दिलं की वाचनाचा अडथळा उरत नाही. रोज रात्री मराठीत वाचलेली दहा पानं मुलाच्या इंग्रजीच्या वाटेत येत नाहीत.

मातृभाषा बोलल्याबद्दल दंड करण्याची पद्धत काही इंग्रजी शाळांत आणि शिबिरांत आहे, तिला माझा पूर्ण विरोध आहे. अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजच्या उन्हाळी भाषाशाळा १९१५ पासून चालू आहेत, आणि तिथे विद्यार्थी शिकायची भाषा सोडून दुसरी न बोलण्याची प्रतिज्ञा लिहून देतात. पण ते मोठे असतात, आपणहून आलेले असतात. दहा वर्षांच्या मुलाला घरच्या शब्दाबद्दल दहा रुपये दंड केला, तर तो इंग्रजी बोलत नाही. तो गप्प बसतो.

छोट्या शिबिरांचा मी विरोधक नाही. ज्या मुलाला शाळेत चार-पाच वर्षं इंग्रजी आहे, शब्द माहीत आहेत, वाचता येतं, पण तोंड उघडत नाही, त्याच्यासाठी साठ तास पुष्कळ आहेत. साचलेलं ज्ञान त्या दिवसांत वाहतं होतं. स्पेनमधल्या विद्यार्थ्यांचा तीन-चार आठवड्यांच्या परदेश मुक्कामानंतर अभ्यास झाला, तेव्हा इतक्या थोड्या काळातही त्यांच्या बोलण्यात सुधारणा दिसली. आपल्या शाळांत अशी मुलं हजारोंनी आहेत. आणि तीन आठवडे इतका थोडा काळ आहे की त्यात घरच्या भाषेचं काही बिघडत नाही; वर्षभराच्या सक्तीपेक्षा मला म्हणूनही हे शिबिर बरं वाटतं.

ते चांगलं कसं करायचं, याचा एक धागा शेजारच्या उत्तर प्रदेशात सापडतो. २०१३-१४ मध्ये ‘प्रथम’ संस्थेने तिथल्या सरकारी शाळांत तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी वाचन आणि गणिताची शिबिरं घेतली, आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजमापासह अभ्यासली. शिबिरं दहा किंवा वीस दिवसांच्या फेऱ्यांत होती, मध्ये खंड, सुट्टीत आणखी एक फेरी. सगळे मिळून पन्नास दिवस. मुलांचे गट इयत्तेनुसार नव्हे, तर ज्याला जेवढं येतं त्यानुसार केले होते. वाचनात मोठी झेप दिसली. विषय इंग्रजी नव्हता, तरी रचना उचलण्यासारखी आहे: मे महिन्यात दहा दिवस, दिवाळीच्या सुट्टीत दहा, हिवाळ्यात पुन्हा काही दिवस, तीच मुलं, तेच गट.

तेव्हा फी भरण्याआधी संयोजकांना समारोपाच्या कार्यक्रमाविषयी विचारू नका. एका गटात मुलं किती, आणि गट कशावरून पाडता, हे विचारा. मुलं एकमेकांशी बोलतात की फक्त ताईंना उत्तर देतात, हे एक दिवस तासभर बसून बघू द्याल का, हे विचारा. बघू देत नसतील तर दुसरं शिबिर शोधा. आणि जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली की याच मुलांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायची, गोष्टीची पुस्तकं अदलाबदल करायची काही सोय आहे का, तेही विचारा. नसेल तर शिबिरातल्या दोन-तीन मुलांच्या आईबाबांशी तिथेच बोलून घ्या. रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी दोन तास जमायला कुणाची परवानगी लागत नाही.